रस्त्याचा दर्जा ठरवायचा कोणी?

स्वयंसेवकांनी उभारलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या डिजिटल नकाशात रस्त्यांची वर्गवारी कशी करावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. मात्र देशातील रस्त्यांच्या वर्गवारीचा पाया ज्या नागपुरात घातला गेला, त्याच नागपूरच्या परिसरात या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्टपणे जाणवते.

रस्ता बांधणे हे सरकारचे काम, याविषयी दुमत नाही. पण तो रस्ता 'मोठा' की 'लहान', महामार्ग की गल्ली, हे ठरवण्याचा अधिकार आता केवळ सरकारी राजपत्राकडे राहिलेला नाही. मोबाइलवर वाट शोधणारा प्रवासी, घरपोच माल पोहोचवणारा कर्मचारी, पूरग्रस्त भागात निघालेले मदत पथक यांना रस्ता दिसतो तो नकाशातील रेषेच्या रूपात. त्या रेषेची जाडी आणि रंग कोणीतरी आधी ठरवलेला असतो. जगभरातील स्वयंसेवकांनी उभारलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात तर हे ठरवणारा कोणीही असू शकतो. तो धरमपेठेतील महाविद्यालयीन विद्यार्थी असेल किंवा सातासमुद्रापार बसून उपग्रह छायाचित्रे पाहणारा एखादा अनोळखी माणूस असेल. साहजिकच, दर्जा कोणत्या निकषावर ठरवायचा, यावरून या नकाशाच्या कार्यकर्त्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत.

वर्गवारीचे मूळ नागपुरात

रस्त्यांच्या वर्गवारीचा वाद नागपूरला नवा नाही. किंबहुना, या देशातील रस्त्यांची पद्धतशीर उतरंड प्रथम मांडली गेली ती याच शहरात. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने देशातील रस्त्यांच्या दुरवस्थेचा आढावा घेतला. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असताना, प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात जमले. युद्धोत्तर काळातील रस्तेबांधणीचा जो आराखडा त्यांनी तयार केला, तो 'नागपूर योजना' या नावाने स्थापत्य अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवला जातो.

या योजनेने रस्त्यांचे पाच वर्ग केले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. शेतीप्रधान विकसित भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर नसावे, असे उद्दिष्ट तिने ठेवले होते. या वर्गवारीमागे दोन सरळ प्रश्न होते. रस्ता कशाला कशाशी जोडतो, हा पहिला. त्याचा खर्च कोणी करायचा, हा दुसरा. पहिला प्रश्न वाहतुकीचा, तर दुसरा तिजोरीचा. ऐंशी वर्षांनंतर डिजिटल नकाशात जो गोंधळ उडालेला दिसतो, त्याचे मूळ या दोन प्रश्नांची एकमेकांत सरमिसळ होण्यात आहे.

महाराष्ट्रात या उतरंडीत 'प्रमुख राज्य मार्ग' अशी आणखी एक पायरी आली. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी विभागणी रुळली. शहराच्या हद्दीत महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अशा अनेक यंत्रणा आपापल्या वाट्याचे रस्ते सांभाळतात. एकाच रस्त्याचा मालक चौकाचौकागणिक बदलतो, ही नागपूरकरांच्या परिचयाची गोष्ट आहे.

ब्रिटिश साचा, भारतीय रस्ते

'ओपनस्ट्रीटमॅप'ची सुरुवात २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये केली. तेथील सरकारी नकाशांची माहिती सामान्यांना मुक्तपणे वापरता येत नसे. तेव्हा नागरिकांनीच जीपीएस यंत्र घेऊन रस्ते फिरावेत आणि स्वतःचा नकाशा तयार करावा, अशी ही कल्पना होती. ही कल्पना साधी होती आणि म्हणूनच ती पसरली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली उपग्रह छायाचित्रे रेखाटनासाठी वापरण्यास परवानगी दिल्यावर घरबसल्या नकाशा काढणे शक्य झाले आणि भारतातील कामालाही गती आली.

या नकाशात प्रत्येक रेषेला माहितीची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिला 'टॅग' म्हणतात. टॅगचे दोन भाग असतात. एक गुणधर्माचे नाव आणि दुसरे त्याचे मूल्य. रस्त्यांसाठीच्या मुख्य गुणधर्माचे नाव 'हायवे' असे आहे आणि येथूनच भारतीय वाचकाची फसगत सुरू होते. ब्रिटिश कायद्याच्या परिभाषेत लोकांना वहिवाटीचा हक्क असलेली कोणतीही वाट म्हणजे हायवे. त्यामुळे या नकाशात द्रुतगती मार्गही 'हायवे' आणि बागेतील पायवाटही 'हायवे'च. फरक केला जातो तो मूल्याने. 'मोटरवे', 'ट्रंक', 'प्रायमरी', 'सेकंडरी', 'टर्शरी', 'अनक्लासिफाइड', 'रेसिडेन्शियल', 'सर्व्हिस', 'ट्रॅक' अशी ती उतरती भाजणी आहे.

यातील 'अनक्लासिफाइड' या शब्दाने नवख्यांना सर्वाधिक चकवले आहे. त्याचा अर्थ 'दर्जा माहीत नसलेला रस्ता' असा अनेक जण घेतात. प्रत्यक्षात तो ब्रिटनमधील रस्त्यांच्या सर्वांत खालच्या, पण वाहतुकीच्या जाळ्यात मोडणाऱ्या वर्गाचा निर्देश आहे. आपल्याकडे गावाला गावाशी जोडणारा ग्रामीण मार्ग त्यात बसतो. दर्जा खरोखरच ठाऊक नसेल, तर त्यासाठी नुसते 'रोड' असे वेगळे मूल्य आहे.

भारतातील स्वयंसेवकांनी ब्रिटिश साच्यावर नागपूर योजनेची उतरंड बसवली. प्रवेश नियंत्रित द्रुतगती मार्ग म्हणजे 'मोटरवे', राष्ट्रीय महामार्ग म्हणजे 'ट्रंक', राज्य मार्ग 'प्रायमरी', प्रमुख जिल्हा मार्ग 'सेकंडरी', इतर जिल्हा मार्ग 'टर्शरी' आणि ग्रामीण मार्ग 'अनक्लासिफाइड' असा प्रघात पडला. त्याचा फायदा निर्विवाद होता. वाद झाला की सरकारी यादी काढायची आणि निकाल लावायचा. पण सरकारी दर्जा आणि जमिनीवरचा रस्ता यांची फारकत होऊ लागली, तशी या सोयीची मर्यादाही दिसू लागली.

कागद बदलला, रस्ता तोच

पहिला धक्का क्रमांकांचा होता. २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. नागपूरला छेदून जाणारा वाराणसी-कन्याकुमारी महामार्ग 'सात' येथे श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग 'चव्वेचाळीस'चा भाग झाला. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम ओलांडणारा 'सहा' क्रमांकाचा हजीरा-कोलकाता मार्ग राज्यात 'त्रेपन्न' झाला. आज 'सात' क्रमांक पंजाब-उत्तराखंडातील रस्त्याला आहे आणि 'सहा' ईशान्य भारतात गेला आहे. जुन्या पाट्या, दुकानांवरील पत्ते आणि लोकांच्या तोंडी मात्र जुनेच क्रमांक बराच काळ राहिले. नकाशात नवा क्रमांक एका टॅगमध्ये आणि जुना वेगळ्या टॅगमध्ये ठेवण्याची सोय असल्याने हा प्रश्न निभावला.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मार्च २०१४ मध्ये देशातील राष्ट्रीय महामार्गांची लांबी ९१,२८७ किलोमीटर होती. त्यानंतरच्या दशकात ती सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटरवर गेली. नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ पासून या खात्याचे मंत्री असल्याने विदर्भाच्या वाट्यालाही असे मार्ग बऱ्यापैकी आले. या वाढीतील मोठा भाग नव्या रस्त्यांचा नसून राज्य मार्गांना राष्ट्रीय दर्जा देण्याचा आहे. घोषणा आणि रुंदीकरण यांत अनेकदा वर्षांचे अंतर असते. परिणामी कालचा दुपदरी, खड्डेमय राज्य मार्ग राजपत्र निघताच नकाशात चौपदरी वर्धा मार्गाच्या पंक्तीला जाऊन बसतो. संगणकाच्या लेखी दोन्ही 'ट्रंक' आणि म्हणून दोन्ही वेगवान.

याच्या नेमके उलट उदाहरण २०१७ मध्ये देशाने पाहिले. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. महसूल वाचवण्यासाठी काही राज्यांनी आणि चंदीगडसारख्या केंद्रशासित प्रदेशाने शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून घेतला. पुढे जुलै २०१७ मध्ये हा निर्बंध नगरपालिका क्षेत्रांना लागू नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. या काळात रस्त्याची रुंदी इंचभरही बदलली नाही, वाहनांची गर्दीही कमी झाली नाही. बदलला तो केवळ कागदावरचा दर्जा. अशा वेळी नकाशाने राजपत्राच्या मागे धावावे काय, हा प्रश्न स्वयंसेवकांपुढे उभा राहणे अपरिहार्य होते.

शहराच्या पोटात

शहरात तर सरकारी उतरंड फारशी कामास येत नाही. महापालिकेच्या रस्त्यांना 'राज्य' किंवा 'जिल्हा' असा शिक्का नसतो. सेंट्रल अव्हेन्यू, वेस्ट हायकोर्ट रोड, ग्रेट नाग रोड, अंतर्गत वळण रस्ता या रस्त्यांचे महत्त्व नागपूरकराला सांगावे लागत नाही. पण नकाशात ते 'प्रायमरी' की 'सेकंडरी' हे ठरवण्यासाठी रोजच्या वाहतुकीचे स्थानिक ज्ञानच लागते. महाल-इतवारीतील अरुंद पण वर्दळीची वाट आणि बेसा-मानेवाडा भागातील रुंद पण निवांत वाट यांत मोठी कोणती? उपग्रह छायाचित्रात दुसरी मोठी दिसते. प्रत्यक्षात शहराचा व्यापार पहिलीवरून चालतो.

लेआऊटचा प्रश्न त्याहून निराळा आहे. नागपूरच्या चहूबाजूंना शेतजमिनींवर भूखंड पाडून वसाहती उभ्या राहिल्या आणि गुंठेवारी कायद्यानुसार त्या नियमित करण्याची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालली. मंजूर नकाशात असलेला रस्ता जागेवर नाही आणि जागेवर असलेला रस्ता मंजूर नकाशात नाही, अशी अवस्था अनेक ठिकाणी दिसते. स्वयंसेवी नकाशाचा मूळ नियम येथे उपयोगी पडतो. जे जमिनीवर आहे, तेच नकाशात दाखवायचे. मंजुरी असो वा नसो, माणसे ज्या वाटेने घरी जातात ती वाट नकाशात आली पाहिजे.

कामठी मार्गावर तर एकाच जागी रेषांचे थर आहेत. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक या ५.६७ किलोमीटरच्या उड्डाणपुलाचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले. गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वेमार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. सपाट नकाशात या सर्व रेषा एकमेकींवर पडतात. 'पूल' आणि 'थर' यांचे टॅग चुकले, तर संगणक पुलावरून थेट खालच्या रस्त्यावर वळण्याचा सल्ला देऊ शकतो. वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाबाबतही हीच दक्षता लागते.

समृद्धी महामार्गाचे उदाहरणही बोलके आहे. नागपूरजवळील शिवमडका ते ठाणे जिल्ह्यातील आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात चार टप्प्यांत खुला झाला. प्रत्येक टप्प्याला 'बांधकाम सुरू' हा टॅग काढून 'मोटरवे' हा टॅग लावावा लागला. काम एवढ्यावर संपत नाही. युरोपात मोटरवेवर मोटारसायकलला मुभा असते. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. ही बंदी स्वतंत्र टॅगने नोंदवली नाही, तर युरोपीय गृहीतकांवर चालणारी मार्गदर्शन प्रणाली दुचाकीस्वाराला थेट या मार्गाकडे धाडेल.

चूक कोणाला भोवते?

दर्जाचा टॅग केवळ रंगासाठी नसतो. मार्ग शोधणाऱ्या बहुतेक प्रणाली दर्जावरून वेग गृहीत धरतात. वेगमर्यादा, पदर, पृष्ठभाग यांची नोंद नसेल, तर हे गृहीतक एवढाच आधार उरतो. गावाकडचा कच्चा रस्ता 'टर्शरी' लावला, तर जड वाहन तिकडे वळते. उलट, गावाचा एकमेव बारमाही रस्ता 'ट्रॅक' म्हणून नोंदवला गेला, तर त्या प्रणालीच्या दृष्टीने गावाला रस्ताच उरत नाही. मग रुग्णवाहिका असो की घरपोच सेवा, लांबचा वळसा किंवा 'येथे सेवा उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेले.

विदर्भात हा धोका पांदण रस्त्यांबाबत अधिक आहे. शेतापर्यंत जाणाऱ्या या वाटा गावनकाशात पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या आहेत. त्यांच्यासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आणली. उपग्रहाची स्वच्छ छायाचित्रे बहुधा कोरड्या महिन्यांतील असतात. त्यांत पांदण पांढऱ्या, टणक रस्त्यासारखी दिसते. जुलैत त्याच काळ्या मातीत बैलगाडीचे चाक रुतते. परदेशात बसून रेघ ओढणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही. पेंचच्या जंगलातील वनखात्याच्या वाटांनाही हेच लागू पडते. रेघ दिसते, पण तेथे जाण्याची परवानगी आहे की नाही, हे छायाचित्र सांगत नाही.

नकाशा आणि जमीन यांतील तफावत जिवावरही बेतते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पुराने तुटलेल्या पुलावरून मोटार रामगंगा नदीपात्रात कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. ते मार्गदर्शक अ‍ॅपच्या आधारे जात असल्याचे समोर आले. तो नकाशा खुल्या प्रकल्पाचा नव्हता, पण धडा सर्वच नकाशांना लागू आहे. पूल तुटल्याची नोंद वेळेत करणारा स्थानिक माणूस आणि रस्त्यावर अडथळा उभारणारी यंत्रणा, दोघांचीही गरज असते.

स्वयंसेवक, कंपन्या आणि सरकार

या नकाशाचे स्वरूपही आता निव्वळ हौशी राहिलेले नाही. अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या त्याची माहिती वापरतात आणि त्यांचे पगारी संपादकही त्यात भर घालतात. अशा संघटित संपादनासाठी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनला २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखावी लागली. २०१९ मध्ये फेसबुकने छायाचित्रांतून रस्ते ओळखणारे संगणकीय साधन खुले केले. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी 'ओव्हर्चर' हे व्यासपीठ स्थापन केले. यामुळे रेषांची संख्या झपाट्याने वाढते, हे खरे. पण संगणकाला रेघ दिसते, तिचा दर्जा दिसत नाही. त्यासाठी त्या वाटेने जाणारा माणूसच लागतो.

सरकारी पातळीवर चित्र संमिश्र आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्यांची अट काढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजनेची भौगोलिक माहिती खुली करण्यात आली. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे. तरीही रस्ता कोणत्या यंत्रणेचा, त्याचा दर्जा काय आणि तो शेवटचा कधी बदलला, हे नागरिकाला एका ठिकाणी, मुक्त वापराच्या स्पष्ट परवान्यासह मिळणे कठीणच आहे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून माहिती उचलणे स्वयंसेवकांना नियमाने वर्ज्य आहे. त्यामुळे सरकारी माहितीचा परवाना संदिग्ध असला, की तीही त्यांच्या उपयोगाची राहत नाही.

तोडगा कोणता?

वादातून मार्ग काढायचा, तर १९४३ च्या दोन प्रश्नांची फारकत करावी लागेल. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा अधिकृत क्रमांक काय, हे क्रमांकाच्या टॅगमध्ये राजपत्राप्रमाणे तंतोतंत नोंदवावे. तेथे मताला वाव नाही. रस्ता वाहतुकीच्या जाळ्यात किती महत्त्वाचा आहे, हे मात्र दर्जाच्या टॅगने सांगावे आणि ते तेथील लोकांनी चर्चेने ठरवावे. रस्त्याची अवस्था या दोन्हींत मिसळू नये. डांबरी की सिमेंटचा, किती पदरी, पावसाळ्यात चालू की बंद, यासाठी वेगळे टॅग आहेत. ते भरले, तर दर्जावर वेगाचे ओझे पडणार नाही. नकाशात रेघ ठळक दिसावी म्हणून दर्जा चढवण्याचा मोह स्वयंसेवकांनीही टाळायला हवा.

नावांचाही विचार व्हावा. भारतात या नकाशातील मुख्य नाव बहुधा इंग्रजीत असते आणि मराठी नावासाठी स्वतंत्र टॅग आहे. तो बहुतांश स्थानिक कार्यकर्त्यांच्या चिकाटीवरच भरला जातो. नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, भूगोलाचे विभाग आहेत, सुदूर संवेदनाच्या संस्था आहेत. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा आपापल्या तालुक्यातील ग्रामीण मार्ग व पांदण तपासले, तरी उपग्रहाला न दिसणारी माहिती हाती येईल. महापालिका, प्राधिकरणे आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या रस्त्यांच्या याद्या मुक्त परवान्याने प्रसिद्ध केल्या, तर या श्रमांना अधिकृत आधार मिळेल.

नागपूर योजनेतील अभियंत्यांपुढे गाव मुख्य रस्त्यापासून किती मैलांवर आहे, हा प्रश्न होता. आज अनेक गावांपर्यंत रस्ता पोहोचला आहे, पण नकाशात त्याची नोंद कशी होते यावर त्या गावापर्यंत काय पोहोचणार, हे काही अंशी ठरू लागले आहे. ही नोंद करण्याचे काम गावाला ओळखणाऱ्यांनी केले नाही, तर ते कोठेतरी दूर बसलेला माणूस किंवा यंत्र करणारच आहे. आणि त्याच्या चुकीचा वळसा मात्र गावालाच घ्यावा लागेल.